रिपोर्ट तुमच्या रक्ताचा, प्रश्न त्यांच्या नमुन्याचा

प्रश्न: लग्नाला साडेचार वर्षं झाली. माझं वय ३१, यांचं ३५. पाळी नियमित आहे, नळ्या उघड्या आहेत, यांचा काउंट नॉर्मल आला आहे. दोन महिन्यांपूर्वी एका डॉक्टरांनी माझ्या रक्तातली अँटी-स्पर्म अँटीबॉडी तपासली, ती पॉझिटिव्ह आली. सहा महिने कंडोम वापरा म्हणजे अँटीबॉडी उतरेल, असं ते म्हणाले. आता स्टिरॉइडच्या गोळ्याही लिहून दिल्या आहेत, त्या अजून सुरू केलेल्या नाहीत. सासूबाई म्हणतात, हिच्याच अंगात माझ्या मुलाच्या बीजाला मारणारं विष आहे. हे खरं आहे का? गोळ्या घेऊ का?

उत्तर:

ताई, गोळ्या सुरू करू नका. कंडोमही आजपासून बंद करा. मूल हवं असलेल्या जोडप्याचे सहा महिने कंडोममध्ये घालवणं मला या वयात परवडणारं वाटत नाही. (गोळ्या आधीच चालू असत्या तर एकदम थांबवू नका, असं म्हटलं असतं, कारण स्टिरॉइड हळूहळूच उतरवावे लागतात. तुम्ही सुरू केलेल्या नाहीत, ते बरं झालं.) आता हे एवढ्या ठामपणे का सांगतोय ते सविस्तर लिहितो. शुक्राणूंविरुद्धच्या अँटीबॉडी हा प्रकार खरा आहे, त्यामुळे मूल राहायला अडचण येऊ शकते हेही खरं आहे. फक्त तो ज्या ठिकाणी शोधायचा ते ठिकाण तुमचं रक्त नव्हे.

आधी मुळात पुरुषाच्या बीजाविरुद्ध शरीर उठतंच का, ते बघू. आपली प्रतिकारशक्ती आपलं काय आणि परकं काय हे पोटात असताना आणि तान्हेपणी शिकते. त्या वर्गात जे हजर होते ते आपले. शुक्राणू त्या वर्गात नव्हतेच. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला, वयात आला, की ते पहिल्यांदा तयार होऊ लागतात. म्हणजे पुरुषाच्या स्वतःच्या शरीराच्या दृष्टीनंही ते उशिरा घरात आलेले पाहुणे. म्हणून निसर्गानं वृषणात एक पडदा ठेवला आहे. तिथल्या सर्टोली नावाच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातल्या पहारेकऱ्यांना पलीकडचे वाढते शुक्राणू दिसतच नाहीत. हा पडदा अगदी बंदिस्त नाही, थोडंफार झिरपतंच, पण झिरपलेल्याकडे दुर्लक्ष करायची सवयही शरीराला लागलेली असते. पडदा फाटला किंवा वाट तुंबून शुक्राणू भलत्या ठिकाणी रक्ताच्या संपर्कात आले, की मात्र पुरुषाचंच शरीर स्वतःच्या बीजाविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागतं.

हे ज्ञान नवं नाही. ज्या लँडस्टायनरनं पुढे रक्तगट शोधून काढले, त्यानंच १८९९ साली दुसऱ्या प्राण्याचे शुक्राणू गिनीपिगला टोचून दाखवलं होतं की शरीर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. माणसांमध्ये हा धागा जुळायला मात्र १९५४ उजाडलं. हॉलंडमध्ये र्‍युम्के आणि अमेरिकेत विल्सन, दोघांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट पाहिली: मूल न होणाऱ्या काही पुरुषांच्या स्वतःच्याच रक्तात त्यांच्या शुक्राणूंचे गठ्ठे करणारं काहीतरी आहे. पहिली नोंद पुरुषांची होती, हे लक्षात ठेवा. पुढे चर्चा बायकांकडे कशी वळली ते सांगतोच.

पडदा कशानं फाटतो? सगळ्यात ठळक कारण नसबंदी. शुक्रवाहिनी बांधली तरी कारखाना चालूच राहतो, माल बाहेर जात नाही, आतच जिरतो. नसबंदी झालेल्या पुरुषांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या रक्तात या अँटीबॉडी सापडतात. एरवी त्यांना काही त्रास होत नाही. प्रश्न येतो नस पुन्हा जोडायची वेळ आली तर. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या. मी शिकत होतो तेव्हा त्यातले काही जण नस उघडून घ्यायला येत. कुणाचं मूल गेलेलं, कुणाचं दुसरं लग्न झालेलं. नस नीट जोडली जायची, काउंट यायचा, आणि तरी दिवस राहायचे नाहीत. अशा वेळी आमचे सर सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून म्हणायचे, "सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलेत." पण हेही सांगायला हवं, की रक्तात अँटीबॉडी असूनही अशा कित्येक जणांना मुलं झाली.

नसबंदीखेरीज अंडाला पीळ पडणं, जोराचा मार लागणं, शस्त्रक्रिया, कुठल्याही कारणानं वाट तुंबणं ही कारणं. आपल्याकडे एपिडिडिमिसचा, म्हणजे वृषणामागच्या शुक्राणू साठवणाऱ्या नळीचा, क्षय होतो, त्यात ती बुजते, हेही डोक्यात ठेवावं लागतं. व्हेरिकोसील (अंडाभोवतीच्या फुगलेल्या शिरा) आणि साध्या जंतुसंसर्गाचं नाव पुष्कळ घेतलं जातं. माझ्या अनुभवात आणि वाचनात त्यांचा संबंध डळमळीत आहे, नुसत्या अँटीबॉडीसाठी व्हेरिकोसील कापायला मी कधी कुणाला पाठवलं नाही.

एक कारण मात्र हमखास विसरलं जातं. एक जोडपं माझ्याकडे आलं होतं, नवरा तेहेतीस वर्षांचा, आडदांड, कधी साधा ताप न आलेला. आजार? नाही. ऑपरेशन? नाही. मार? नाही. वीर्याच्या थेंबात जिकडेतिकडे गठ्ठे. तपासायला झोपवलं तर उजव्या जांघेत केसात लपलेला दोन बोटांचा फिकट व्रण. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "काय की, जन्मापासूनचाच असेल." बाहेर त्याची आई बसली होती. तिनं सांगितलं, अकरा महिन्यांचा असताना हर्नियाचं ऑपरेशन केलं होतं, त्याला कशाला आठवेल! बाळाची शुक्रवाहिनी जाड दोऱ्याएवढी असते, हर्नियाच्या पिशवीला चिकटलेली. ती एखाद्या वेळी दुखावते किंवा बांधली जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. डावी बाजू चालू होती म्हणून काउंट नॉर्मल. तुंबलेली उजवी बाजू मात्र वीस वर्षं आतल्या आत शरीराला शुक्राणू दाखवत राहिली, आणि तिथं तयार झालेल्या अँटीबॉडी डाव्या बाजूच्या मालावर येऊन बसल्या.

आता या अँटीबॉडी करतात काय? लोकांना वाटतं मारतात. मारण्याचं काम त्या क्वचितच करतात. त्या चिकटतात, आणि चिकटल्यामुळे वाट अडते.

पहिली अडचण गठ्ठ्यांची. डोक्याला डोकं, शेपटीला शेपटी, असे शुक्राणू एकमेकांत अडकतात. हलतात सगळे, पुढे कुणीच जात नाही. यात्रेतल्या गर्दीत हातात हात घट्ट धरलेल्या माणसांसारखं.

दुसरी अडचण गर्भाशयाच्या तोंडाशी, आणि माझ्या मते खरी अडचण हीच. स्त्रीबीज सुटायच्या दिवसांत तिथला स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पातळ आणि ताणला जाणारा होतो. निरोगी शुक्राणू त्यातून सरळ पोहत जातात. ज्यांच्या अंगावर आयजीए जातीच्या अँटीबॉडी बसल्या आहेत, त्यांच्या अँटीबॉडीचं दुसरं टोक स्रावाच्या जाळ्यात अडकतं. हे मी हजारदा पाहिलं आहे. त्या काळात आम्ही संबंधानंतरची तपासणी सर्रास करायचो. जोडपी लांबून एसटीनं यायची, रात्री लॉजवर राहायची, सकाळी ओपीडीत. नर्सबाई नाव पुकारायच्या तेव्हा दोघंही खाली बघत असायची. तो स्रावाचा थेंब काचेवर घेतला की कुठं शुक्राणू सुळकन निघालेले दिसायचे, कुठं काहीच नाही, आणि कधीतरी ते दृश्य: शुक्राणू जिवंत, शेपटी जोरात चालू, पण जागच्या जागी थरथरतोय. चिखलात चाक फिरावं आणि गाडी तसूभर न हलावी, तसा. १९७०च्या दशकात हॉलंडच्या क्रेमर आणि यागर यांनी या थरथरीचा अँटीबॉडीशी संबंध दाखवला. आता ही तपासणी मी करत नाही. तिच्यावरून उपचार बदलतात असं सिद्ध झालं नाही आणि जोडप्याला ओशाळं मात्र नक्की वाटायचं.

तिसरी अडचण शेवटच्या टप्प्यावर. शुक्राणूच्या डोक्यावर अँटीबॉडी बसली असेल तर स्त्रीबीजाच्या कवचाला चिकटणं, त्यातून आत शिरणं यात खोडा पडू शकतो. काही अँटीबॉडी रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांना बोलावून शुक्राणूला थंडही करतात. शेपटीच्या अगदी टोकाला बसलेल्या अँटीबॉडीचं मात्र कुणी मनावर घेत नाही. मूल असलेल्या पुरुषांतही त्या सापडतात.

म्हणजे अँटीबॉडी आहे की नाही एवढाच प्रश्न नसतो. किती शुक्राणूंवर आहे, कुठं बसली आहे आणि कोणत्या जातीची आहे, यावर सगळं ठरतं. मूल न होणाऱ्या पुरुषांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांत त्या सापडतात, मुलं असलेल्यांतही एखाद-दोन टक्क्यांत. आणि हे नुसतं सापडण्याचं प्रमाण झालं, वंध्यत्वाचं कारण ठरण्याचं नव्हे.

तपासायचं कसं? त्यासाठी शुक्राणूच लागतो. मार (MAR) टेस्ट म्हणतात ती साधीशी गोष्ट आहे. ताज्या वीर्याचा थेंब, त्याशेजारी मानवी अँटीबॉडीचं आवरण दिलेल्या लेटेक्सच्या बारीक मण्यांचा थेंब, आणि या दोघांना जोडणारा तिसरा थेंब. मिसळायचं, काच ठेवायची, तीन मिनिटांनी आणि पुन्हा दहा मिनिटांनी बघायचं. मणी एकमेकांना चिकटून लहान लहान पुंजके होतात, म्हणजे तपासणीचं साहित्य ठीक आहे. मग हलणाऱ्या शुक्राणूंकडे लक्ष द्यायचं. ज्यांच्या अंगावर काही नाही ते पुंजक्यांमधून वाट काढत निघून जातात. ज्यांच्यावर आहे ते मणी ओढत फिरतात, नांगरट झालेल्या रानातून चिखलाचे गोळे पायाला घेऊन यावं तसे. असे २०० हलणारे शुक्राणू मोजायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१०च्या पुस्तकात ५० टक्क्यांच्या वर मणी असतील तर अर्थ काढावा असं होतं. २०२१च्या आवृत्तीत ही तपासणी नेहमीच्या यादीतून काढून गरज पडली तर करायच्या यादीत टाकली आहे. मी व्यवहारात ५० टक्क्यांच्या आतल्या आकड्याकडे फारसं बघत नाही, ८०-९०च्या पुढे गेलं की खुर्ची पुढे ओढतो.

एक छोटी सूचना, कारण यात पुष्कळ गोंधळ होतो. वीर्याच्या रिपोर्टवर "अ‍ॅग्लुटिनेशन" असा रकाना असतो. तिथं "प्रेझेंट" लिहिलेलं बघून लोक घाबरतात. मेलेले शुक्राणू एकमेकांना चिकटले, किंवा हलणारे शुक्राणू कचऱ्याला, पेशींना, चिकट धाग्यांना चिकटले, तर ते अ‍ॅग्लुटिनेशन नव्हे. हलणारा शुक्राणू हलणाऱ्या शुक्राणूला चिकटला तरच त्याला अर्थ. लॅबमधल्या मुलाला विचारायला लाजू नका, "हलणारे हलणाऱ्यांना चिकटले होते का?" चांगला तंत्रज्ञ लगेच सांगेल. ज्याला प्रश्नच कळला नाही, त्याचा तो रकाना सोडून द्या.

आता तुमच्या रक्ताकडे. स्त्रीच्या रक्तावर होणारी ही तपासणी बहुतेक ठिकाणी एलायझा किटवर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी शोधायच्या तयार संचावर, होते. किटमध्ये अख्खा पोहणारा शुक्राणू नसतो, शुक्राणूंचा अर्क किंवा रसायनानं पक्का केलेला शुक्राणू असतो. त्यात शुक्राणूच्या पोटातली, एरवी कुणाला न दिसणारी प्रथिनंही उघडी पडतात. त्यातली काही आपल्या आतड्यातल्या जंतूंच्या प्रथिनांसारखी दिसतात, आणि जंतूंविरुद्धच्या अँटीबॉडी तुमच्या-माझ्या, कुमारिकांच्या, सगळ्यांच्या रक्तात असतात. त्या किटला चिकटतात आणि रिपोर्टवर "पॉझिटिव्ह" छापून येतं. शिवाय रक्तातलं सगळंच गर्भाशयाच्या तोंडाशी उतरतं असंही नाही. म्हणून हा आकडा मोठा की लहान, यावरून तुम्हाला दिवस राहतील की नाही हे सांगता येत नाही. युरोपच्या प्रजननतज्ज्ञ संघटनेनं २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत वीर्यतपासणी नॉर्मल असेल तर ही अँटीबॉडी तपासू नये, आणि नवरा-बायको दोघांच्याही रक्तात तर तपासूच नये, असं स्वच्छ लिहिलं आहे. ब्रिटनच्या सूचनांतही वर्षानुवर्षं हेच आहे, कारण सापडली तरी तिच्यावर गुणकारी औषध नाही. तरीही आपल्याकडे पॅकेजच्या यादीत ही तपासणी बिनबोभाट बसलेली असते.

खरं आश्चर्य उलट आहे. वर्षानुवर्षं संबंध येतात, प्रत्येक वेळी कोट्यवधी परके शुक्राणू स्त्रीच्या शरीरात येतात, तरी बहुतेक बायकांत काहीच होत नाही. कारण वीर्याच्या द्रवातच प्रतिकारशक्तीला शांत करणारे पदार्थ असतात, प्रोस्टाग्लँडिन, टीजीएफ-बीटा वगैरे. पाहुणा स्वतःबरोबर शिदोरीही घेऊन येतो आणि यजमानाची समजूतही काढतो. संबंधानंतर खाज, पुरळ, सूज येणारी वीर्याची अ‍ॅलर्जी असते, तीही वेगळीच: ती शुक्राणूची नसते, वीर्यातल्या द्रवाची असते. दोन्ही गोष्टी एकच समजून रक्त तपासायला पाठवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

मोजक्या स्त्रियांत मात्र शुक्राणूला थिजवणाऱ्या अँटीबॉडी खरोखर असतात. जपानच्या इसोजिमांनी १९६८ साली जिवंत शुक्राणू वापरून त्या दाखवल्या, किट वापरून नव्हे. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत अशाच एका मूल न होणाऱ्या बाईच्या पेशींपासून एक अँटीबॉडी तयार केली गेली, आणि आज बॉस्टनमध्ये तिच्याच धर्तीवर तंबाखूच्या जातीच्या झाडात अँटीबॉडी बनवून गर्भनिरोधक म्हणून योनीत ठेवायची पातळ फिल्म करण्याचे प्रयोग चालू आहेत. एका बाईच्या अडचणीतून दुसऱ्या बायकांची सोय! पण अशी अँटीबॉडी किती विरळा आहे ते यावरूनच कळतं, की ती सापडली तेव्हा लोकांनी जपून ठेवली. साध्या किटवर पॉझिटिव्ह आलेली प्रत्येक बाई त्यांच्या रांगेत बसत नाही. तेव्हा विष वगैरे काही नाही, ताई.

कंडोमचा सल्ला आला कुठून? १९६४ साली अमेरिकेतल्या फ्रँकलिन आणि ड्यूक्स यांनी, कारण न सापडलेल्या वंध्यत्वात बायकांच्या रक्तात गठ्ठे करणाऱ्या अँटीबॉडी जास्त दिसतात, असं लिहिलं. काही महिने शुक्राणूंचा संपर्क टाळला तर त्या उतरतील आणि दिवस राहतील, ही कल्पना तिथून पसरली. कल्पना ऐकायला इतकी पटणारी आहे की पन्नास-साठ वर्षं टिकली. नंतरच्या कामात ती टिकली नाही. कंडोम सोडल्यावर ज्यांना दिवस राहिले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना तो न वापरताही राहिले असते. कारण न सापडलेल्या वंध्यत्वात दर महिन्याला थोडी का होईना आशा असतेच, आणि कंडोम ती सहा महिने शून्यावर आणतो.

स्टिरॉइडचं सांगताना मला थोडं अवघड वाटतं, कारण मी ते दिले आहेत. १९९० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी आली होती, अँटीबॉडी असलेल्या पुरुषांना बायकोच्या पाळीच्या दिवसांशी जुळवून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं तर गर्भधारणा जास्त दिसल्या. आम्ही तरुण होतो, इक्सी (शुक्राणू सुईनं थेट स्त्रीबीजात सोडायची पद्धत) अजून यायची होती, हातात दुसरं काही नव्हतं. मीही लिहून देऊ लागलो. दुसऱ्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही, पण ते आमच्यापर्यंत उशिरा पोचलं. माझ्याकडे तीसेक वर्षांचा एक शेतकरी मुलगा होता, त्याला मी सात महिने गोळ्या दिल्या. तोंड सुजलं, झोप उडाली, ते मी चालवून घेतलं. मग जांघेत दुखू लागलं. मी म्हटलं ताण आला असेल, शेतातलं काम आहे. मांडीच्या हाडाचा गोळा वाळत होता, रक्तपुरवठा तुटून. स्टिरॉइडचा हा धोका मला पुस्तकातून माहीत होता. त्याला मूल झालं नाही, आणि पस्तिशीच्या आत खुबा बदलावा लागला. त्यानंतर या कारणासाठी मी एकही चिठ्ठी लिहिलेली नाही. तुम्हाला तर, म्हणजे स्त्रीला, या रिपोर्टवरून स्टिरॉइड देण्यामागे तेवढाही आधार नाही.

मग ज्या पुरुषात खरोखर अँटीबॉडी सापडल्या, त्याचं काय करायचं? धुऊन त्या जात नाहीत. लॅबमध्ये वीर्य धुतलं की द्रव जातो, शुक्राणूला घट्ट बसलेली अँटीबॉडी तशीच राहते. काही ठिकाणी नमुना थेट औषधी द्रवात घ्यायला सांगतात, म्हणजे चिकटण्याआधीच पातळ व्हाव्यात. मी हे करून पाहिलं आहे, नुकसान नाही, फार भरवसाही नाही. खरा उपाय वाट बदलण्याचा. अडचण गर्भाशयाच्या तोंडाशी आहे ना, मग तो टप्पाच टाळायचा: आययूआय, म्हणजे निवडलेले शुक्राणू नळीनं थेट गर्भाशयात. १९९५च्या एका चाचणीत प्रेडनिसोलोनपेक्षा आययूआय सरस ठरलं. तीन-चार वेळा करावं, पुढे ताणू नये. त्यानंतर टेस्ट ट्यूब बेबी, म्हणजे आयव्हीएफ. साध्या आयव्हीएफमध्ये शुक्राणूनं स्वतःच स्त्रीबीजात शिरायचं असतं. बरेच अभ्यास एकत्र केले तर अँटीबॉडीमुळे तिथं किंवा इक्सीमध्ये यश कमी झालेलं दिसत नाही, पण नव्वद टक्क्यांवर मणी आणि ते डोक्यावर असतील तर मी अर्धी बीजं इक्सीला ठेवतो, पहिल्याच फेरीत एकही बीज फळलं नाही हे जोडप्याला सांगायची वेळ येऊ नये म्हणून. इक्सीत एक शुक्राणू सुईनं बीजात सोडतात, तिथं अँटीबॉडी असली काय, नसली काय. १९९२ साली ब्रुसेल्समध्ये ही पद्धत जमली, आणि खरं सांगायचं तर अँटीबॉडीवरचे मोठमोठे परिसंवाद त्यानंतर ओसरले. कोडं सुटलं नाही, त्याला वळसा घालायचा रस्ता सापडला.

तो हर्नियाचा व्रण असलेला गडी: मार टेस्ट ९४ टक्के. तीन आययूआय फुकट गेली, इक्सीच्या दुसऱ्या गर्भरोपणाला मुलगी झाली. त्याच वर्षी ८१ टक्के आलेला दुसरा एक जण आययूआयसाठी तारीख घेऊन गेला आणि तारखेआधी बायकोची पाळी चुकली, आपोआप. दोघांचे आकडे शेजारी ठेवून मी अजून मुलांना शिकवतो.

तुमच्यासाठी मी काय करीन? तुमच्या रक्ताचा तो रिपोर्ट फाइलच्या तळाशी ठेवीन आणि पुन्हा करायला सांगणार नाही. त्यांची वीर्यतपासणी नव्यानं, आधीच्या वीर्यपतनानंतर दोन ते सात दिवसांनी, लॅबमध्येच नमुना देऊन. घरून आणायचा तर अंगाच्या उबेत, तासाभराच्या आत. हलणाऱ्या शुक्राणूंचे गठ्ठे दिसले किंवा मागच्या आयुष्यात काही सापडलं तरच मार टेस्ट. दोन्ही नसेल तर अँटीबॉडी हा विषय संपला आणि तुमचं वंध्यत्व कारण न सापडलेल्या गटात जातं. त्यात साडेचार वर्षं झाल्यावर ३१व्या वर्षी स्त्रीबीज वाढवणाऱ्या गोळ्या (स्टिरॉइड नव्हे) किंवा इंजेक्शन देऊन तीन-चार आययूआय हा योग्य पुढचा टप्पा. केंद्र वंध्यत्व-उपचारांच्या २०२१च्या (एआरटी) कायद्याखाली नोंदलेलं आहे का ते विचारा: आययूआयपुरतं असेल तर पहिल्या स्तराचं, आयव्हीएफ करणारं असेल तर दुसऱ्या स्तराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं. आणि पहिल्या भेटीतच थेट इक्सीचं पॅकेज हातात ठेवणाऱ्याला विचारा, का.

मागच्या आयुष्याचं मात्र आजच विचारून घ्या, आणि यजमानांना नको. लहानपणी हर्नियाचं, अंड खाली न उतरल्याचं, पीळ पडल्याचं ऑपरेशन झालं होतं का, कुठल्या बाजूला, किती महिन्यांचे असताना, गालगुंड आलं तेव्हा खालीही सूज होती का, क्षयाच्या गोळ्या कधी चालल्या होत्या का, हे त्यांना आठवणार नाही. ते घरात एकाच माणसाला ठाऊक असणार. सासूबाईंना पुढच्या भेटीला बरोबर घेऊन या.